अकरा ठिकाणं नकोत, तीन पुरेत

प्रश्न : माझं वय 43. नऊ वर्षं गाडी चालवते आहे, पण शहराबाहेर जाताना शेजारी कायम कुणीतरी असतं. या महिन्यात एक दिवस एकटीनंच समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यानं फिरून यायचं ठरवलंय. पहाटे निघायचं, रात्री घरी. नकाशावर 310 किलोमीटर आणि अकरा ठिकाणं मांडून झालीत. गाडी पेट्रोलची, छोटी हॅचबॅक, साधे गिअर. एवढं एका दिवसात निवांत होईल का? गाडी थेट वाळूवर नेली तर चालते का? व्हिडिओत तर सगळेच नेतात. किनाऱ्यालगतचे नागमोडी उतार मला झेपतील का? आणि घरचे म्हणतात, ‘एकटी कशाला?’ त्यांना काय सांगू?
— एक वाचक

उत्तर :

310 किलोमीटर होतील, पण निवांत होणार नाहीत. किनाऱ्याला चिकटून जाणारा रस्ता दर खाडीपाशी आत वळतो, पूल गाठतो आणि पुन्हा बाहेर येतो. मध्ये गावं, अरुंद वळणं, समोरून येणारी बस. अशा रस्त्यावर ताशी 35 ते 40 किलोमीटरच्या वर सरासरी पडत नाही, मग गाडी कितीही दमदार असो. म्हणजे नुसतं स्टिअरिंग धरून आठ-साडेआठ तास. अकरा ठिकाणी अर्धा-अर्धा तास धरला तर आणखी साडेपाच. चौदा तास इथेच झाले, आणि जेवण अजून हिशोबात आलेलंच नाही.

एकूण अंतर 150-160 किलोमीटरवर आणा. त्यातले 80-90 समुद्राच्या कडेनं आणि परतीचा प्रवास आतल्या सरळ रस्त्यानं. चाकावर साधारण चार तास जातील. उरलेल्या वेळात तीन थांबे घ्या, प्रत्येकी किमान एक तासाचे. दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यात जागा शोधणं, गाडी लावणं, पर्स-पाणी घेणं, कुलूप लावणं आणि परत येणं यातच निम्मा वेळ जातो. हातात उरतो तो एक फोटो.

तीन थांबे एकाच जातीचे नकोत. एक उंचावरचा घ्या, एक वाळूचा, म्हणजे पुळणीचा, आणि एक खाडीच्या तोंडावरचा किंवा बंदराचा. वाळूवर उभं राहिलं की क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं, तर 100 मीटर उंचीच्या कड्यावरून तेच 35 किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणून तीन पुळणींपेक्षा एक पुळण आणि एक कडा यांत जास्त समुद्र दिसतो. उरलेली आठ नावं वहीत राहू द्या. वाटेत एखाद्या ठिकाणी पाय अडलाच तर यादीतलं एक खुशाल खोडा.

आता दिशा. आपल्या बाजूलाच समुद्र राहील अशी दिशा धरा. जिथे वाहनं डावीकडून चालतात तिथे समुद्र डावीकडे हवा, जिथे उजवीकडून चालतात तिथे उजवीकडे. त्यामुळे दृश्य आवडलं की समोरची वाहतूक न ओलांडता सरळ कडेला घेता येतं. एकट्या चालकाला याची किंमत जास्त आहे, कारण ‘पलीकडून काही येतंय का बघ’ असं सांगायला शेजारी कुणी नसतं. मात्र चालत्या गाडीतून समुद्र बघायचा नाही. ताशी 60 च्या वेगात दोन सेकंद नजर हटली तर गाडी 33 मीटर आंधळी जाते आणि किनाऱ्यावरच्या बऱ्याच वळणांची लांबीही तेवढीच असते. बघायचं तर थांबून, इंजिन बंद करून बघा.

दिवसाची आखणी घड्याळावरून करू नका. किनाऱ्यावर सत्ता दोघांची, भरतीची आणि उन्हाची. आधी भरती. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. काही किनाऱ्यांवर मात्र दिवसाला एकच भरती येते. म्हणून जिथे जाणार त्याच्या जवळच्या बंदराचं, त्याच तारखेचं कोष्टक बघा. तिथीवरून भरती काढायचा पाढा तुम्हाला येत असला तरी एका किनाऱ्याचा पाढा दुसऱ्या किनाऱ्याला लागू पडत नाही.

पाणी सहा तास एकाच गतीनं चढत नाही, आणि माणसं फसतात ती इथेच. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले तर तासागणिक साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. समजा ओहोटी-भरतीत 3 मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात पाणी 25 सेंटिमीटर चढतं आणि ‘अजून खूप वेळ आहे’ असं वाटतं. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र दर तासाला 75 सेंटिमीटर. सपाट पुळणीचा उतार 50 मीटरला 1 मीटर असेल तर तेच पाणी तासाभरात 37 मीटर आत येतं. खडकांच्या नाकाडाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर गेलेला माणूस नेमका याच वेळात अडकतो. मागे कडा, समोर पाणी. अशा ठिकाणी जायचंच असेल तर ओहोटीच्या तासभर आधी जा आणि पाणी फिरायच्या आत परत या.

अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा फरक सर्वांत मोठा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा सर्वांत कमी. ओहोटीला उघडी पडणारी पुळण, कातळातली डबकी, शंख-शिंपले बघायचे असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी गाठा, कारण तेव्हा पाणी सर्वांत लांब जातं. पण तेच पाणी भरतीला नेहमीच्या रेषेच्या वर येतं हेही धरून चाला. कोष्टकातला आकडा शांत हवेचा असतो. वारा किनाऱ्याकडे जोराचा असला किंवा हवेचा दाब उतरला असला तर पाणी त्याहून चढतं. दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की साधारण 1 सेंटिमीटर, असा ठोकताळा आहे.

ऊन. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून गाडी चालवायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका. किनारा उत्तर-दक्षिण असला तरी नागमोडी रस्त्यावर एखादं वळण सरळ सूर्यात नेऊन सोडतं आणि दोन-तीन सेकंद समोर फक्त पांढरा पडदा असतो. त्याचं निम्मं कारण पुढची काच, आणि तीही आतून. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उडणाऱ्या वाफेचा पातळ थर काचेला आतून बसतो. एरवी तो दिसतच नाही, तिरपं ऊन पडलं की उजळतो. आदल्या रात्री ओल्या मायक्रोफायबर फडक्यानं काच आतून पुसा आणि लगेच कोरड्या फडक्यानं फिरवा. फुकटचं काम आहे, पण फरक फार पडतो. पोलराइज्ड गॉगल पाण्यावरची चमक खूप कापतो, फक्त त्यातून गाडीचा किंवा फोनचा पडदा काही कोनांतून काळा दिसू शकतो. तो घरी लावून बघा, रस्त्यावर नव्हे. बाजूच्या काचेतून ऊन त्वचेवर काम करतच राहतं, म्हणून खिडकीकडच्या हाताला सनस्क्रीन लावा किंवा पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला.

सूर्यास्त बघून मगच परत फिरायचा मोह होईल. तुमच्यासारख्या, बाहेरच्या रस्त्यावर पहिल्यांदाच एकट्या निघालेल्या माणसाला माझं सांगणं स्पष्ट आहे: वळणांचा रस्ता सूर्यास्ताच्या आधी संपवायचा. शेवटचा थांबा आतल्या मोठ्या रस्त्याला लागणाऱ्या फाट्याजवळ निवडलात तर सूर्यास्तही मिळेल आणि अंधारात नागमोडी वाटही नको. किती वेळ उरलाय हे हात सांगतो. हात समोर ताठ धरा, बोटं आडवी. क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये मावणाऱ्या प्रत्येक बोटामागे साधारण पंधरा मिनिटं, चार बोटं म्हणजे अंदाजे तास. विषुववृत्ताकडच्या प्रदेशात सूर्य सरळ खाली उतरतो आणि त्यानंतर कामापुरता उजेड जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो.

आता वाळू. नेऊ नका. व्हिडिओत गाडी आत जाताना दिसते, ट्रॅक्टरनं बाहेर ओढतानाची चित्रफीत सहसा कुणी टाकत नाही. अनेक किनाऱ्यांवर वाहन नेणं नियमातही बसत नाही. शिवाय तुमच्या हॅचबॅकचं पोट जमिनीपासून एक वीत वर असतं. वरची वाळू ओली आणि घट्ट दिसते, पण खाली पाण्यानं भरलेली भुसभुशीत वाळू असू शकते. चाक एकदा जागच्या जागी फिरलं की ते स्वतःसाठी खड्डा खणतं, गाडी पोटावर टेकते आणि मग चाकांवर वजनच उरत नाही. एकट्या माणसानं, भरती चढत असताना, हे अजिबात ओढवून घेऊ नये.

तरी पार्किंगच्या जागेतच चाक वाळूत रुतू शकतं, म्हणून सुटायचं कसं ते माहीत असू द्या. चाक फिरतंय पण गाडी हलत नाही असं जाणवताच अ‍ॅक्सिलरेटर सोडा. पहिल्या दोन सेकंदांत सोडला तर रुतलेलं चाक चार बोटं असतं, हट्टानं दाबत राहिलात तर अर्धं आत जातं. उतरा आणि चाकांच्या पुढची, मागची आणि पोटाखालची वाळू हातानं काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात. मग टायरमधली हवा कमी करा. 30-33 पीएसआय असेल तर 18-20 वर आणा. टायर पसरतो, त्याचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि तेच वजन जास्त वाळूवर वाटलं जातं. अंदाजानं हवा काढू नका, खिशात मावणारा प्रेशर गेज जवळ ठेवा. स्टिअरिंग सरळ करा, वळलेली चाकं समोर वाळूचा बांध घालतात. गाडीतले रबरी मॅट काढून इंजिनाचा जोर ज्या चाकांवर येतो त्यांना खेटून, ज्या दिशेनं निघायचं त्या बाजूला सरकवा, छोट्या हॅचबॅकला ती बहुधा पुढची चाकं. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर बंद करा, नाहीतर चाक फिरू लागताच ते इंजिनाचा जोर कापतं. आधी ज्या चाकोरीतून आत आलात तिच्यातूनच मागे निघायचा प्रयत्न करा, तिथली वाळू दबलेली असते. क्लच हळू सोडा, आवाज न वाढवता. मॅटच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका, ते गोळीसारखे उडतात.

कुणी दोर लावून ओढायला तयार झालं तर दोर बंपरला बांधू देऊ नका. स्टेपनीच्या हत्यारांत एक आटे असलेली कडी असते. बंपरवरचं छोटं झाकण काढून ती आत फिरवून बसवायची आणि दोर तिलाच बांधायचा. ती गाडीत आहे का हे घरीच बघा. सुटल्यावर हवा पुन्हा भरेपर्यंत हळूहळू चालवा. कमी हवेवर वेगानं पळालं तर टायरच्या भिंती तापून फुटू शकतात. यासाठी गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ असावा, तो पंक्चरलाही कामाला येतो. आणि पाणी चाकापर्यंत पोचू लागलं असेल तर गाडी सोडून वर या.

उतारांची तुमची भीती अर्धी गिअरनंच जाईल. ज्या गिअरमध्ये चढ चढता आला असता त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून उतरलात तर सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आधी जळका वास येतो आणि मग पेडल दाबूनही पकड कमी लागते. वास आलाच तर सुरक्षित जागी कडेला थांबून पंधरा-वीस मिनिटं गार होऊ द्या. ब्रेक वळणाच्या आधी लावून घ्या, वळणात नाही. मागून कुणी घाई करत असेल तर रुंद जागा बघून त्याला जाऊ द्या.

वाऱ्याबद्दल एक बारीक गोष्ट सांगते, ती सहसा कुणी सांगत नाही. जमीन तापली की उशिरा सकाळपासून समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. कड्यावर गाडी लावताना तोंड वाऱ्याकडे करा. वारा पाठीमागून असला तर दार उघडताच हातातून हिसकावलं जातं आणि बिजागरीपाशी पत्रा वाकतो. दार उघडताना दुसरा हात त्यावर ठेवाच. खाडीवरच्या लांब पुलांवरही आडवा झोत लागतो, तिथे वेग उतरवा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.

काचेवर बारीक पांढरट थर दिसू लागला की तो खाऱ्या तुषारांचा असतो. कोरडा वायपर फिरवलात तर मीठ घासून काच आणखी धूसर होते, आधी पाणी मारा. वॉशरची टाकी भरून निघा आणि वर दोन लिटर साधं पाणी ठेवा. पाय धुवायलाही तेच.

कातळावर उतरायचं असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं लांबून बघा. लाटा सारख्या नसतात, मोठ्या लाटांचा घोळका मधूनच येतो. ओला काळा खडक म्हणजे पाणी नुकतंच तिथवर येऊन गेलंय. समुद्राकडे पाठ करून फोटो नको. पोहायचं तर आज नाही, एकटीनं गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जो गडद, शांत पट्टा दिसतो तो सुरक्षित वाटतो, पण बरेचदा पाणी तिथूनच परत आत खेचलं जात असतं. चुकून त्यात सापडलातच तर किनाऱ्याकडे झुंजू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढ संपली की बाहेर या. कड्याच्या कडेपासून चार पावलं मागे राहा. वरून भक्कम दिसणारी माती खालून पोखरलेली असते. कड्याच्या पायथ्याशी बसायचंही टाळा.

घरच्यांना ‘काळजी करू नका’ म्हणून उपयोग नाही, त्यांना कागद द्या. गाडीचा नंबर, तीन थांब्यांची नावं, परतीचा रस्ता आणि फोनच्या दोन ठरलेल्या वेळा, उदाहरणार्थ दुपारी 1 आणि संध्याकाळी 5. उंच कड्यांच्या आडोशाला नेटवर्क जातं, तेव्हा ठरल्या वेळेनंतर तासभर वाट बघायची आणि मग कुणाला फोन करायचा हेही त्यावर लिहा. सतत लोकेशन पाठवण्यापेक्षा हे बरं. लोकेशनचा ठिपका एका जागी अडकला की घरी उगाच घबराट होते. नकाशा आधी डाउनलोड करून घ्या. फोन काचेला उन्हात टांगू नका, तो तापून बंद पडतो. एसीच्या जाळीवर लावा.

टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरा. स्टेपनीत हवा आहे का बघा, आणि चाकाचा एक नट घरीच पान्यानं ढिला करून परत घट्ट करून बघा. गॅरेजमध्ये मशीननं आवळलेला नट हातानं हलत नाही हे पंक्चरच्या वेळी कळून उपयोग नसतो. स्टेपनीऐवजी नुसतं सीलंटचं किट मिळालं असेल तर लक्षात ठेवा, टायरची बाजू फाटली तर ते चालत नाही. मौल्यवान वस्तू डिकीत ठेवायच्या असतील तर पार्किंगला पोचायच्या आधीच ठेवा. तिथे उतरून ठेवल्यात तर बघणाऱ्याला पत्ताच मिळाला. इलेक्ट्रॉनिक किल्ली खाऱ्या पाण्यात गेली की संपली, ती झिपच्या पिशवीत असू द्या.

दुपारी दोन ते चार शरीर आपोआप मंदावतं, त्यात जेवण झालेलं आणि समोर चकाकतं पाणी. मधला मोठा थांबा याच वेळात ठेवा. डोळे जड झाले तर खिडकी उघडून किंवा गाणी मोठ्यानं लावून भागत नाही. सावलीत, दारं बंद करून, काचा थोड्या खाली ठेवून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. झोपायच्या आधी कॉफी घेतलीत तर उठेपर्यंत तिचा असर सुरू होतो.

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत गाडी साध्या पाण्यानं धुवा. वरून चमकवण्यापेक्षा खालून धुणं महत्त्वाचं: मडगार्डच्या आतले कोपरे, पोटाचा पत्रा, दारांच्या तळाच्या कडा. खारी वाळू तिथे ओल धरून बसते आणि गंज तिथूनच चढतो. आल्या आल्या तापलेल्या ब्रेकवर मात्र गार पाणी मारू नका, तबकड्या वाकू शकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढताना पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर ऐकू आली तर घाबरू नका. रात्रीत तबकडीवर गंजाचा पातळ थर आलेला असतो, तो घासला गेला की आवाज थांबतो. अर्धा तास चालवूनही थांबला नाही तर मेकॅनिकला दाखवा, बहुधा पॅडमध्ये वाळूचा कण अडकलेला असेल.